चिखलातला हत्ती आणि संग्रामभेरी : अण्णा भाऊंच्या एका पदाची घडण, छंद आणि भाव

सातारा-सांगली भागातील विहारांत ६ डिसेंबरच्या अभिवादन सभेस एक पद बहुधा म्हटले जातेच. अण्णा भाऊ साठे यांनी भीमरावांचा निरोप म्हणून रचलेले ते पद आमच्या बहुतेक वाचकांना मुखोद्गत आहे. तेव्हा ते येथे उतरून घेण्याचे प्रयोजन नाही. मात्र अलीकडे ते ज्या चालीत आमच्या कानी पडते, त्या चालीविषयी चार शब्द लिहिणे अगत्याचे वाटते. पेटीच्या सुरावर, विलंबित लयीत, प्रत्येक ओळीचे शेवटचे अक्षर लांबवीत ते गाइले जाते. श्रोत्यांचे डोळे पाणावतात. मेणबत्त्यांच्या उजेडात ते पद शोकगीत होऊन जाते. हे पद शोकगीत आहे काय, हा आमचा प्रश्न आहे. प्रश्न वरवर चालीचा दिसला तरी मुळात तो अर्थाचा आहे, आणि त्याचे उत्तर गाणाऱ्याच्या आवडीनिवडीत न शोधता पदाच्या घडणीत शोधावे, हे बरे.

अण्णा भाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे, मातंग कुटुंबात झाला. वाटेगाव आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यात येते. याच तालुक्यातील रेठरे हरणाक्ष हे पठ्ठे बापूरावांचे गाव. म्हणजे लावणी, ढोलकी आणि फड यांचे वारे या मुलुखात आधीपासूनच वाहत होते. अण्णा भाऊही तरुणपणी आपल्या नात्यातील बापू साठे यांच्या तमाशात वावरले. शाळा त्यांच्या वाट्यास आली ती अवघी दीड दिवसाची. इकडे साताऱ्यास त्यांच्या जन्माआधी वीस वर्षे, ७ नोव्हेंबर १९०० रोजी, भिवा रामजी आंबेडकर या नावाचा एक मुलगा सरकारी शाळेच्या दप्तरात दाखल झाला होता. मातोश्री भीमाबाईंचे निधनही साताऱ्यासच झाले. आमच्या पदात नायकाचे नाव येते ते ‘बाबासाहेब’ असे नाही, ‘डॉक्टर’ असेही नाही. ते ‘भीमराव’ असे येते. ज्या मुलुखात अस्पृश्याच्या पोराला एकेरी, तोडक्या नावानेच हाक मारण्याचा प्रघात होता, तेथे ‘राव’ या दोन अक्षरांवर संबंध पदाचे यमक उभे करणे ही साधी गोष्ट नव्हे. हे यमक पुढे कसे चालते ते पाहूच.

प्रथम बाह्य रूप पाहू. प्रचलित पाठात दोन ओळींचे ध्रुवपद आणि चार कडवी आहेत. प्रत्येक कडव्यात तीन लांब ओळी व चौथी आखूड ओळ येते. लांब ओळी सामान्यतः सोळा मात्रांच्या आहेत. म्हणजे आपल्या छंदःशास्त्रात जिला पादाकुलक म्हणतात, तिच्या कुळातल्या. आठ मात्रांची दोन आवर्तने झाली की ओळ पुरी होते. माधव जूलियनांनी ‘छंदोरचने’त या आठ मात्रांच्या गतीस पद्मावर्तनी म्हटले आहे. हलगी वा ढोलकी वाजविणाऱ्याला हे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याच्या हाताला मात्र ही गती पक्की ठाऊक असते, कारण केरव्याच्या ठेक्यातही आठच मात्रा असतात. एखाद्या ओळीत एखादी मात्रा अधिक होते, तेव्हा शाहीर ती गळ्यात मुरवून घेतो. कागदावर काटेकोर मात्रा मोजून या पदास सदोष ठरविणाऱ्या पंडिताने ते एकदा डफावर ऐकावे, एवढेच आम्ही म्हणू.

चौथी ओळ अकरा-बारा मात्रांची आहे. सोळाच्या सवयीने कान पुढे जातो, ओळ मात्र अलीकडेच थांबते. उरलेल्या चार-पाच मात्रांत शब्द नाही. तेथे वाद्य आहे, झीलकऱ्यांचा आवाज आहे, किंवा नुसती थाप आहे. ही मोकळी जागा समूहासाठी राखलेली आहे. एकट्या गायकाने ती जागा आपल्या आलापाने भरून काढली की पदाचा कणाच मोडतो.

ध्रुवपदाची पहिली ओळ याहून बोलकी आहे. तिच्या आरंभी पाच लघू अक्षरे एकापाठोपाठ येतात. मराठी पदात इतकी लघू अक्षरे सलग आणून ओळीस तोंड फोडणे धाडसाचे, कारण त्यात सुरास टेकावयास जागा नसते. सहावे अक्षर गुरू आहे; आणि ते कोणते, तर घाव घालण्याच्या क्रियेचे पहिले अक्षर. हात उचलला जातो तो पाच लघूंत, आणि खाली येतो तो सहाव्या गुरूवर. लाकूड फोडणाऱ्याची, खाणीत सुरुंगाचे भोक पाडणाऱ्याची, लोहाराच्या भात्यापुढे घण चालविणाऱ्याची हीच लय असते. विलंबित चालीत गाणारा या पाचही लघूंना ओढून गुरू करतो. मग घाव पडावयाचा तो पडतच नाही. हात वरच्या वरच तरंगत राहतो. ही चाल आम्हास केवळ नावडती वाटत नाही, चुकीची वाटते, ती यासाठी.

आता व्याकरण. पदाचा पहिला वाक्यांश आज्ञार्थी, एकवचनी आहे. आज्ञा आधी आणि ती कोणाची हे नंतर. सामान्य गौरवगीतात नायकाचे नाव प्रथम, त्याची विशेषणे त्यामागून, आणि बोध झालाच तर शेवटी. येथे भीमरावांस एकही विशेषण नाही. ते उद्धारक आहेत, सूर्य आहेत, देव आहेत असे काहीही कवी म्हणत नाही. ते काय सांगून गेले, एवढेच तो सांगतो. ‘सांगून गेले’ या क्रियापदात शोक करणारे ‘गेले’ यावर भार देतात. मराठीच्या वळणाप्रमाणे अर्थाचा भार ‘सांगून’ यावर आहे. पाटलाचा निरोप्या सांगून गेला, बहीण सांगून गेली, असे आपण म्हणतो तेव्हा जाण्याचे दुःख करीत नाही. सांगितलेले काम अंगावर आले आहे, हे बोलून दाखवितो.

‘मज’ हा शब्दही पाहावा. निरोप जगास दिलेला नाही, मला दिला आहे. सुत्तांच्या आरंभी, हे मी असे ऐकले आहे, अशा आशयाचे शब्द येतात, ते परंपरेने भिक्खू आनंदांचे मानले जातात. उपदेशक निघून गेला आहे, ऐकणारा उरला आहे, आणि ऐकलेले पुढे देण्याची जबाबदारी आता त्याची आहे. अण्णा भाऊंच्या पदात हीच साखळी आहे : भीमरावांनी मला सांगितले, मी तुला सांगतो. म्हणूनच ध्रुवपद प्रथम पुरुषात असूनही पहिले कडवे एकदम द्वितीय पुरुषावर येते.

या पहिल्या कडव्यापाशी अधिक थांबावयास हवे. गुलामगिरी हा चिखल आहे, त्यात एक बलाढ्य हत्ती रुतून बसला आहे, आणि कवी त्यास विचारतो आहे की का बसलास. अंग झाड आणि बाहेर ये. बौद्ध वाचकास येथे धम्मपदातील नागवग्गाची आठवण न होणे अशक्य आहे. त्या वग्गात, ३२७ व्या गाथेत, तथागत सांगतात की अप्रमादात रमा, आपल्या चित्ताचे रक्षण करा, आणि चिखलात रुतलेला हत्ती जसा स्वतःस वर काढतो तसे स्वतःस दुर्गतीतून वर काढा. अण्णा भाऊंनी ही गाथा वाचून कडवे रचले, असे आम्ही म्हणत नाही. चिखलात अडकलेले जनावर बाहेर काढण्याची खटपट वारणा-कृष्णेच्या काठच्या माणसाने लहानपणापासून पाहिलेली असते. प्रतिमेस ग्रंथाची गरज नाही. परंतु दोन्ही ठिकाणी प्रतिमा एकाच टोकावर तोललेली आहे : हत्तीस कोणी बाहेर काढत नाही, तो स्वतः निघतो. मोक्षदात्यास येथेही वाव नाही आणि तेथेही नाही.

गाथा आठ-आठ अक्षरांच्या चार चरणांची, अनुष्टुभाच्या गतीची आहे. ती अक्षरे मोजते, मात्रा नव्हे. म्हणून तिची चाल सम, शांत, पठणाची आहे. तिच्यात वाद्य नाही. वाद्य आहे ते तिच्या अट्ठकथेत. ती कथा अशी : कोसलराजाचा एक हत्ती तारुण्यात मोठा बलवान होता. म्हातारपणी तो एका सरोवरात उतरला आणि चिखलात रुतला. त्यास निघता येईना. लोक जमले व हळहळू लागले, की असा हत्ती आणि त्याची ही दशा! राजाने हत्तीच्या शिक्षकास धाडले. त्याने दोर टाकले नाहीत, माणसे लावली नाहीत. युद्धाचा वेष चढवून त्याने संग्रामभेरी वाजविली. भेरीचा नाद कानी पडताच हत्तीचा स्वाभिमान जागा झाला व तो एका वेगात उठून काठावर येऊन उभा राहिला. भिक्खूंनी हे तथागतांस सांगितले आणि त्या निमित्ताने गाथा उच्चारली गेली.

आमचे म्हणणे या कथेत सामावलेले आहे. काठावर हळहळणारे लोक आणि भेरी वाजविणारा शिक्षक असे दोन पक्ष तेथे आहेत. हळहळ खोटी नव्हती. तिने हत्ती हलला मात्र नाही. ६ डिसेंबरची आमची विलंबित चाल कोणत्या पक्षात बसते, याचा विचार वाचकांनीच करावा. आणि भेरी वाजविणारा तरी कोण? ज्या जातीस गावगाड्याने इतरांच्या लग्नात, देवाच्या पालखीपुढे, पाटलाच्या दारात हलगी वाजविण्याचे काम लावून दिले, त्याच जातीतला हा माणूस आहे. दोर वळणे हाही त्याच जातीचा गावाने ठरविलेला उद्योग. त्याने या पदात दोर बाजूस ठेवला आहे आणि हलगी उचलली आहे. इतरांसाठी वाजविलेली हलगी प्रथमच रुतलेल्या माणसासाठी वाजते आहे.

या कडव्यात घडणीचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. पुढील तिन्ही कडव्यांत पहिल्या तीन ओळी एकाच यमकात गुंफलेल्या आहेत. पहिल्या कडव्यात मात्र दोनच ओळी यमकाने, तेही सैल यमकाने, बांधलेल्या आहेत. तिसरी ओळ, जीत हत्तीस बाहेर निघण्यास सांगितले आहे, ती यमकाबाहेर आहे. कवीने हे योजून केले की बोलता बोलता झाले, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. कानास जे जाणवते ते असे की हत्ती चिखलातून निघतो तशी ओळ यमकातून निघते. चौथ्या ओळीत ‘बिनी’ हा शब्द येतो. बिनी म्हणजे सैन्याची आघाडी. चिखलातून निघालेल्याने वाळवंटात विसावावयाचे नाही, थेट आघाडीवर धावावयाचे आहे.

कवीने हत्तीस ‘ऐरावत’ म्हटले आहे, यावर आमच्यातील काही उपासकांचा आक्षेप असतो. ऐरावत इंद्राचा, १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आम्ही इंद्रादिकांस कशाला आठवावे? आक्षेप सर्वस्वी फोल नाही. शब्द पौराणिक आहे, आणि तो तेथे येण्यास शेवटच्या ‘त’चेही निमित्त झाले असावे. तरीही पुराणाशी या कवीचे नाते कसे होते, ते दुसऱ्या एका प्रसंगावरून कळते. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत भरलेल्या दलित साहित्य संमेलनाच्या उद्घाटनात अण्णा भाऊंनी पृथ्वी शेषाच्या मस्तकावर तरलेली नसून ती दलित-श्रमिकांच्या तळहातावर तरलेली आहे, अशा आशयाचे उद्गार काढले. शेष घ्यावयाचा आणि त्याच्या डोक्यावरचा भार काढून माणसाच्या हाती द्यावयाचा, ही त्यांची रीत. ऐरावतही इंद्राच्या स्वारीसाठी आणलेला नाही. त्याच्या पाठीवर कोणी नाही. ज्यास हीन म्हटले गेले त्यास हत्तींचा राजा म्हणून हाक मारणे, एवढाच त्याचा उपयोग आहे. आम्ही हा शब्द बदलून गाणार नाही.

दुसरे कडवे आम्हास सर्वांत दुबळे वाटते. धनवंत व धर्मांध यांची जोडी त्यात नेमकी पकडली आहे. शोषण आणि छळ हे दोन वेगळे धंदे असून ते एकमेकांच्या आधाराने चालतात, हे दोन ओळींत बसविणे सोपे नव्हे. पण त्यापुढील मगर आणि माणिक यांची उपमा वरून चिकटविलेली भासते. मगराच्या दाढेतील मणी भर्तृहरीपासून आपल्याकडे चालत आला आहे; तेथे तो दुर्घट गोष्टीचे उदाहरण आहे. येथे माणिक कोण, मगर कोण, हे कळते, परंतु हत्तीच्या चित्रानंतर हा दुसरा प्राणी मनास दुसरीकडे ओढतो. कडवे सावरते ते चौथ्या ओळीने. चोर साव झाला, हे वाक्य पारावरचे आहे, आणि त्यास उपमेची गरज नाही.

तिसऱ्या कडव्यात व्याकरण अर्थाच्या मदतीस आले आहे. या कडव्यात पूर्ण क्रियापदच नाही. ठरवून, करून, लादून, निर्मून अशी ‘ऊन’ प्रत्ययाची धातुसाधिते एकामागून एक येत राहतात आणि वाक्य भेदभावापाशी येऊन अधांतरी थांबते. ‘आम्हा’ हे बहुवचन येते तेही येथेच. ‘मज’ आणि ‘तू’ यांच्यामध्ये जो समूह आहे तो या एका शब्दाने प्रकट होतो. अपुरे वाक्य कानास बोचते, आणि ध्रुवपद परत येताच त्यातील आज्ञार्थी क्रियापद हे वाक्य पुरे करते. अन्यायाची यादी जेथे क्रियापदावाचून लोंबकळते, तेथे उत्तर म्हणून जग बदलण्याची आज्ञा येते. ध्रुवपदाचा इतका चोख उपयोग मराठी पदवाङ्मयात आम्ही फारसा पाहिलेला नाही.

‘घाव’ या शब्दाविषयी एक शंका नेहमी उपस्थित होते. वंदनेनंतर, पंचशील ग्रहण करून झाल्यावर, घाव घालण्याचे गीत विहारात शोभते काय? शंकेचे उत्तर पुन्हा धम्मपदातच आहे. मग्गवग्गात, २८३ व्या गाथेत, तथागत वन तोडावयास सांगतात, वृक्ष नव्हे. वन म्हणजे अरण्य आणि वन म्हणजे तृष्णा, असा तो श्लेष आहे. तोडण्याची भाषा धम्मास परकी नाही. काय तोडावयाचे ते ठरलेले असावे लागते. अण्णा भाऊंच्या पदात घाव कोणा माणसावर नाही. त्याचे कर्म ‘जग’ हे आहे. धर्माचे प्रयोजन जगाची उत्पत्ती सांगणे हे असून धम्माचे प्रयोजन जगाची पुनर्रचना करणे हे आहे, असा भेद बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केला. त्या भेदाशी हे ध्रुवपद तंतोतंत जुळते. शिवाय मराठीत घाव हा जखमेचाही वाचक आहे. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती सोसणाऱ्यास धीर देते, पण टाकी कोणाच्या हाती आहे हे विचारीत नाही. या पदात टाकी हातची बदलली आहे.

आता यमकांची ओळ एकत्र पाहावी : घाव, राव, धाव, साव, भाव, नाव. घावाने आरंभ आणि नावाने शेवट. मधल्या ‘भेदभावा’तून गेल्यावाचून ‘नावा’पर्यंत पोहोचता येत नाही. आणि शेवटचे नाव भीमरावांचे नाही. ते ऐकणाऱ्याचे स्वतःचे आहे. एकजुटीच्या रथावर चढून नवा महाराष्ट्र घडवावा आणि स्वतःचे नाव प्रकट करावे, असे चौथे कडवे सांगते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा वारा त्यात स्पष्ट लागतो. याच कडव्यात ‘बा’ हे संबोधन येते. कृष्णाकाठी बाप लेकास, म्हातारा तरुणास ‘बा’ म्हणतो. सेनापतीची आज्ञा येथे घरच्या माणसाच्या हाकेत उतरते. आलंकारिकांच्या भाषेत बोलावयाचे तर या पदाचा स्थायी भाव उत्साह आहे, शोक नव्हे आणि क्रोधही नव्हे. त्यास वात्सल्याचा हा एक धागा आहे. आम्ही त्यास सम्मावायाम म्हणू.

केशवसुतांच्या ‘तुतारी’तही सोळा मात्रांचीच ओळ आहे आणि तीतही जुने मोडण्याची हाक आहे. पण तेथे कवी तुतारी मागतो आहे. येथे वाद्य हातात आहे. नवी आहे ती आज्ञा.

राहता राहिला प्रश्न हे पद कोणाचे, हा. अण्णा भाऊ कम्युनिस्ट होते, १९४४ साली अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, त्यांनी धम्मदीक्षा घेतली नव्हती. म्हणून ते आपले नव्हेत, असे आमच्यातील काही म्हणतात. दुसरीकडे, १ ऑगस्टच्या मिरवणुकीत अण्णा भाऊंची प्रतिमा असते आणि हे पद नसते, असेही आम्ही पाहिले आहे. एकाच गावात दोन आळ्या, दोन जयंत्या, दोन कमाने. ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ साली त्यांनी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीस अर्पण केली, तेव्हा त्यांनी कोणाची परवानगी मागितली नव्हती. ‘एकजूट’ हा शब्द ज्या पदात आहे ते पद अर्ध्या गावाने गावे आणि अर्ध्याने गाऊ नये, हे आम्हास विलंबित चालीहून अधिक खटकते.

यंदाच्या अभिवादन सभेसाठी आमची सूचना साधी आहे. पेटी बाजूस ठेवून हलगी व डफ घ्यावे. हलगीवाला शेजारच्या आळीतून बोलवावा. ध्रुवपदाची पहिली पाच अक्षरे न ओढता, ठेक्यावर घ्यावीत. चौथ्या ओळीनंतरच्या चार मात्रा गायकाने सोडून द्याव्यात. त्या सभेच्या आहेत.